तासिकेवरचे वाघमोडे सर

वाघमोडे सरांची मुलाखत दरवर्षी जूनमध्ये व्हायची. कॉलेज तेच, खोली तीच, विषय तोच, आणि जागाही तीच, जिच्यावर ते मार्चपर्यंत शिकवत होते. सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्यापुरते कॉलेजचे. उन्हाळ्यात तास संपले की नेमणूक संपायची. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, त्याच प्रमाणपत्रांच्या नव्या झेरॉक्स, आणि तीन-चार माणसांसमोर बसून ‘आपली ओळख करून द्या’ला उत्तर. मी सोलापूरला एम.एस्सी.ला आले तेव्हा हे किती वर्षं चालू होतं, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. विभागातले शिपाईमामा म्हणायचे, “मी लागलो तवा सर व्हतेच की.”

आमचा विभाग भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राचा. पाटी लांबलचक आणि खोल्या तीन. कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या पलीकडे. एका खोलीत दगडांची कपाटं, दुसरीत पाणी-माती तपासायची प्रयोगशाळा, तिसरीत वर्ग. आम्ही नऊजण होतो. दुसरीकडे कुठेही प्रवेश न मिळाल्यामुळे आलेले त्यातले सहा. मी त्या सहांतली. आमच्या घरी मैंदर्गीला कन्नड बोलतात. वडिलांनी मला विचारलं होतं, हे शिकून नोकरी कोण देतं? त्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं, आणि पहिल्याच दिवशी मी ते सरांना विचारलं.

सर फळा पुसत होते. उंच, हडकुळे, उन्हानं रापलेले, कानांवरचे केस पांढरे. पुसता पुसता म्हणाले, “कुठून आलीस?”

“मैंदर्गी.”

“मैंदर्गी, मलाच अजून कुणी दिलेली नाही. मी काय सांगू तुला?” आणि डस्टर ठेवून त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

तेव्हापासून मी मैंदर्गी झाले. सर कुणालाच नावानं हाक मारायचे नाहीत. मंद्रूप, मोहोळ, बार्शी, अशी गावांचीच हजेरी. श्रीनिवास म्हणून एक सोलापूरच्याच पूर्व भागातला, विणकरांच्या घरातला मुलगा होता. घरी तेलुगू, गाव असं काही नाहीच. आजोबांच्याही आधीपासून सोलापुरात. त्याला ते ‘शहर’ म्हणायचे. “ए शहर, जरा खिडकी उघड.” श्रीनिवासला सुरुवातीला राग यायचा. नंतर तो स्वतःच फोनवर ‘शहर बोलतोय सर’ म्हणायला लागला.

सर स्वतः सांगोल्याकडच्या एका वस्तीवरचे. घर मेंढपाळांचं. थोरला भाऊ अजून मेंढरं-शेरडं राखायचा. सर वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायचे, थोडं जपून. पण रानात पाय पडला, की ती भाषा कॉलेजातच राहायची. चालणंही बदलायचं. हातोडा मानेमागे आडवा धरून, पाय न उचलल्यासारखे लांब लांब टाकत ते निघायचे आणि आम्ही विशी-बाविशीतले धापा टाकत मागे. ते कधी थांबून वळून बघायचे नाहीत. चालता चालता मात्र विचारायचे, “पायाखालचं बदललं, कळलं का कुणाला?” आम्ही खाली बघायचो. मघाशी काळी माती होती, आता मुरूम. कुणालाच कळलेलं नसायचं.

“मेंढराला कळतं,” सर म्हणायचे. “ते थांबतं. तुमी न्हाय थांबला.”

एखादा दगड दाखवून आम्ही विचारलं, सर, हा कुठला? तर ते तो हातात घ्यायचे, फोडायचे, ताजी बाजू जिभेला लावायचे, पुन्हा बघायचे आणि दगड आमच्याच हातात देऊन म्हणायचे, “मला कशाला विचारतीस? हा बसलाय की म्होरं.” दुपारी लिंबाखाली जेवण. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. सर फार हळू जेवायचे. कुणी ‘कसं काय सर?’ म्हटलं तर उत्तर ठरलेलं होतं, “दमलोय. पर चाललंय.” हे ते तक्रारीनं म्हणायचे नाहीत. आज वार कोणता, असं विचारल्यावर सांगावं तसं.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सर ठरावीक विहिरींचं पाणी मोजायचे. मंद्रूपच्या बाजूच्या काही, अक्कलकोटकडच्या काही, काही थेट सांगोल्याच्या. हे कुठल्या प्रकल्पात नव्हतं की अभ्यासक्रमात. मोजपट्टीच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला. तो विहिरीत सोडायचा, पाण्याला लागल्याचा आवाज आला की आकडा वाचायचा, ओढून घ्यायचा, पुन्हा सोडायचा. तीनदा. ज्या वर्षी जूनमध्ये नेमणूक उशिरा झाली त्या वर्षीही मोजायचं चुकलं नाही. आमच्या बॅचला त्याचा कंटाळाच होता. एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं, उन्हातून चालायचं, आणि हातात येणार काय, तर एक आकडा. मंद्रूपच्या दत्तानं एकदा विचारलं, “सर, ह्याचं पुढं काय करायचं?”

“म्होरच्या साली परत मोजायचं,” सर म्हणाले.

मंद्रूपपासून आत एका गावानं सरांना बोलावलं होतं. आमचं पहिलं वर्ष. गावाला प्यायच्या पाण्यासाठी बोअर घ्यायचं होतं, जागा दाखवा म्हणून सरपंच स्वतः कॉलेजात आले होते. सर दोन दिवस ते शिवार चालले. आम्ही बरोबर होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पारावर सरपंचांना त्यांनी सांगितलं, “खाली सगळा काळा पाषाण हाय. बोअर मारू नका. जुनी हीर हाय तिचा गाळ काढा, वरच्या वघळीला बांध घाला.”

पाणी सांगायला आलेला माणूस ‘नाही’ म्हणतो हे लोकांना आवडत नाही. ते कुणी बोललं नाही, पण चहा आला तो अर्धा कप आला. आठवड्याभरानं गावानं पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शिवारात फिरला, एका जागी नारळ उभा राहिला, तिथं बोअर मारलं आणि पाणी लागलं. चांगलं लागलं. पाणाड्याची हलगी लावून मिरवणूक निघाली. दत्ताच्या मामाचं ते गाव, त्यामुळे सगळी हकिकत आम्हाला त्याच दिवशी कळली. सरांना सांगायचं कुणी, यावर आमची प्रयोगशाळेत कुजबुज चालली होती, तेवढ्यात सरच दारात आले. त्यांना आधीच कळलं होतं.

“सोमवारी जायचंय परत त्या गावाला,” ते म्हणाले. “डबे आणा. माझी चूक बघायची आहे.”

आम्हाला वाटलं, हे बोलायचं म्हणून बोलले. पण सोमवारी आम्ही दहाजण एसटीनं गेलो. गावात शिरताच पारावरचा एक म्हातारा ओरडला, “काय सर, तुमचा पाषाण वला निघाला की!” सगळे हसले. सरही हसले. “व्हय की,” म्हणाले, “तेच बघाय आलोय.”

बोअरजवळ खोदताना निघालेल्या चुऱ्याचा ढीग अजून पडून होता. सर त्या ढिगासमोर गुडघ्यांवर बसले. मूठ मूठ घेऊन पाण्यात धुवायचे, तळहातावर पसरायचे, भिंगातून बघायचे. तासभर. मग त्यांनी आम्हाला बोलावलं. हातात काळ्या चुऱ्यात तांबूस, ठिसूळ, मऊ तुकडे होते. “पाषाणाला फट हाय हितं. आतनं कुजलीय. पाणी हिच्यातनं येतंय. मी दोन दिवस हिच्यावरनं चाललो की.” मग ते पूर्ण पुस्तकी मराठीत म्हणाले, “वह्या काढा. लिहा. वाघमोडे चुकला. का चुकला, ते खाली सविस्तर लिहा.”

कुणी लिहीना. सरांनी दत्ताकडे बघितलं. “लिही मंद्रूप. परीक्षेला इचारणार हाय.”

पाणाड्या त्याच गावच्या शिवेवर राहायचा. सर त्याच्याकडे गेले. साठीचा माणूस, अंगात बंडी, सरांना बघून तो जरा सावरून बसला. भांडायला आले असं त्याला वाटलं असणार. सरांनी विचारलं, “त्याच जागी का गेलासा तुमी?”

“नारळ हुबा ऱ्हायला.”

“ते झालं. नारळ हातात घ्यायच्या आदी काय दिसलं तुमाला?”

पाणाड्यानं सरांना बसायला घोंगडी सरकवली. मग हळूच म्हणाला, “वारुळं. एका रेघंत हायत तितं. आमचा बाप सांगायचा, वारुळाची रेघ सोडू नगं.”

सर उठले, त्याला घेऊन पुन्हा शिवारात गेले आणि त्या दोघांनी मिळून वारुळं मोजली. वारुळांची ओळ बोअरवरून, म्हणजे त्या फटीवरूनच गेली होती. परतताना सर एसटीत खिडकीशी बसून बाहेर बघत होते. मी शेजारी होते. एकदाच बोलले, “दिसलेलं व्हतं गं मला. वारुळं दिसलेली. मनावर घेतलं न्हाय.”

त्या बोअरचं पाणी दुसऱ्या उन्हाळ्यात आटलं. ती बातमीही दत्तानंच आणली, आणि आणताना तो खुशीत होता. “सर, शेवटी तुमचंच खरं झालं!” त्यापूर्वी आणि त्यानंतर सरांना चिडलेलं मी पाहिलं नाही. हातातली नळी त्यांनी स्टँडला ठेवली. “तुझी मामी घागर घेऊन टँकरची वाट बघत हुबी असंल, आन् तू मला पैकीच्या पैकी देतोस व्हय रं?” दत्ताची मान खाली गेली. सर त्याच आठवड्यात एकटेच त्या गावाला जाऊन आले. जुन्या विहिरीचा गाळ काढायचं त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी गावानं काढला. पण त्याचं श्रेय सरांना मिळालं का, ते मला माहीत नाही. सरांनी कधी सांगितलं नाही.

श्रीनिवासची गोष्ट दुसऱ्या वर्षातली.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक प्रबंध करायचा असायचा. श्रीनिवासनं पूर्व भागातल्या जुन्या विहिरींचं पाणी घेतलं होतं. तिथं चाळींमध्ये अजून विहिरी आहेत. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बायका विहिरीचं वापरतात. वीस-बावीस नमुने त्यानं गोळा केले. त्यातल्या एकाचं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि तपासणीत तेच सगळ्यांत वाईट निघालं. सूत रंगवायच्या कामात वापरतात त्यातलं रसायन त्यात होतं. श्रीनिवासनं तपासणी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. मी शेजारच्या टेबलावर माती चाळत होते. त्याचा चेहरा उतरलेला दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाला, “चाळीच्या मागं डाईंग आहे. अण्णा तिथंच कामाला आहेत.”

अण्णा म्हणजे त्याचे वडील.

सर आले. त्यांनी आकडा बघितला, बाटली उजेडात धरली. प्रबंध, डाईंग, वडील, कशाबद्दलच विचारलं नाही. म्हणाले, “हे कोण पितं?”

“चाळीतले लोक. सात-आठ घरं.”

“मग चल. आधी पिणाऱ्याला सांगायचं. बाकीचं मागनं.”

मलाही बरोबर घेतलं. बायामाणसांशी बोलायचं तर एक पोरगी असावी, म्हणाले. दुपारची वेळ होती. गल्लीतनं यंत्रमागांची खडखड चाललेली. विहिरीच्या कठड्याशी एक म्हातारी कळशी घासत बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सावकाश म्हणाले, “आजी, हे पाणी प्यायचं नाही. भात-आमटीलाही घ्यायचं नाही. धुणं-भांड्याला चालेल.”

म्हातारीला मराठी फारसं कळत नव्हतं. सरांनी श्रीनिवासकडे बघितलं. तो उभाच होता. त्यानं तेलुगूत सांगितलं. म्हातारीनं कळशी खाली ठेवली आणि त्याला काहीतरी विचारलं. 

“काय म्हणाल्या?” सरांनी विचारलं.

“विचारतायत, तू कुणाचा मुलगा.”

“मग सांग की.”

त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग विहिरीच्या मागच्या भिंतीकडे तिनं नुसती मान वळवली. भिंतीपलीकडे डाईंगची चिमणी दिसत होती. ती उठली आणि दारं ठोठावत बायकांना बोलवायला गेली. श्रीनिवासला सहा घरांत सहा वेळा तेच सांगावं लागलं. सातव्या घरी तो उंबऱ्याबाहेरच थांबला. तिथं सरांनी हातानं खूण करून सांगितलं.

प्रबंध लिहायची वेळ आली तेव्हा श्रीनिवास सरांकडे आला. म्हणाला, “सर, ती विहीर मी गाळतो. एकवीसच्या जागी वीस लिहितो. अण्णांना काढून टाकतील. सगळ्यांना कळेल हा कुणाचा मुलगा.”

सरांनी त्याची आकड्यांची वही ओढून पुन्हा चाळली. मी दगडांच्या कपाटाशी होते. निघून जावं की थांबावं ते मला कळेना.

“गाळायची तर गाळ,” सर म्हणाले. “पण घेतलीच नव्हती असं लिहू नको. घेतली, आकडा देत नाही, आणि का देत नाही, ते लिही. एवढंच माझं म्हणणं आहे.”

श्रीनिवासनं तसंच लिहिलं. ते वाक्य मला अजून पाठ आहे. ‘या विहिरीचा नमुना घेतला आहे. त्याचा निष्कर्ष येथे देत नाही, कारण माझे वडील लगतच्या कारखान्यात नोकरीस आहेत.’

दरम्यान सरांनी काय केलं ते फक्त मला माहीत होतं, कारण माझं अक्षर चांगलं म्हणून अर्ज मी लिहिला होता. सर एका रविवारी एकटे जाऊन त्याच विहिरीचं पाणी स्वतः घेऊन आले, स्वतः तपासलं, आणि तो आकडा आपल्या सहीनं संबंधित कार्यालयात दिला. त्यात श्रीनिवासचं नाव नव्हतं. कॉलेजचंही नव्हतं. उत्तर आलं नाही. सर चार वेळा तिथं जाऊन आले. चारही वेळा साहेब फिल्डवर होते. पाचव्यांदा जाताना मी त्यांना सायकल स्टँडपाशी पाहिलं. हातात पोचपावतीची झेरॉक्स होती, आणि ती घडी घालून घालून इतकी मऊ झाली होती की खिशात घालताना फाटली.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. विद्वान माणूस, पण घाईत. श्रीनिवासचा प्रबंध चाळताना ते त्या वाक्यापाशी थांबले, मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “हे काय आहे? हे असं लिहायची परवानगी कुणी दिली?”

सर मागच्या बाकावर होते. उभे राहिले. “मी.”

“विज्ञानात हे चालत नाही. आकडा लपवायला तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवता?”

मला वाटलं, सर आता सांगतील. कार्यालयातल्या चकरांचं सांगतील, निदान चाळीत जाऊन आलो एवढं तरी. सरांनी श्रीनिवासकडे बघितलं. तो घामानं भिजला होता. अर्जाचं सांगितलं असतं तर त्याच खोलीत सगळ्यांना विहीर कुठली ते कळलं असतं. “लपवलं नाही सर,” ते एवढंच म्हणाले. “नाही सांगत, असं सांगितलं आहे.” आणि बसले.

श्रीनिवास पास झाला, गुण मात्र कापले गेले. ती हकिकत जूनपर्यंत मुलाखतीच्या खोलीत पोचली होती. सरांना त्या वर्षी निम्मेच तास मिळाले.

त्या मुलाखतींतली एकच गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, कारण जिच्यावर ती गुदरली त्या बाईंनीच पुढं मला सांगितली. सरांच्या हाताखाली शिकलेल्या एक बाई दुसऱ्या जिल्ह्यात प्राध्यापक झाल्या आणि एका वर्षी मुलाखतीला तज्ज्ञ म्हणून आल्या. उमेदवार कोण ते त्यांना आधी माहीत नव्हतं. सर फाईल घेऊन आत आले तशा त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. बाकीचे बघत राहिले. सर म्हणाले, “बसा मॅडम. आज तुम्ही विचारायचं.” बाईंना प्रश्नच सुचेना. ज्या वहीतून त्या शिकल्या होत्या ती वही समोरच्या माणसानं सांगितलेली. शेवटी त्यांनी विचारलं, “सर, जेवलात का?” सर म्हणाले, “मुलाखत झाल्यावर.” पुढच्या वर्षी, म्हणजे सरांचे तास निम्मे झाले त्याच वर्षी, त्यांना पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. मला हे सांगताना त्या म्हणाल्या, “मी गेले असते तर निदान पूर्ण तास तरी दिले असते गं. पण ते माझ्यासमोर उभे राहतील, हे मला बघवलं नसतं.” त्यांना ते अजून लागून राहिलं आहे.

एम.एस्सी. झाल्यावर मी बी.एड. केलं आणि सोलापुरातच एका ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले. श्रीनिवास हैदराबादला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत गेला. त्याचे अण्णा निवृत्त होईपर्यंत त्याच डाईंगमध्ये राहिले. डाईंग चालू आहे. चाळीतल्या विहिरीवर कुणीतरी जाळी टाकली आहे, आणि ते पाणी कुणी पीत नाही. एवढं मी स्वतः जाऊन बघून आले.

आमच्यानंतर विभागात सात मुलं आली, मग पाच, मग तीन. एका जूनमध्ये जाहिरातच निघाली नाही. खोल्या दुसऱ्या कुठल्या कोर्सला गेल्या. सरांचा फोन आला तो विहिरींसाठी. “सुट्टी हाय का गं तुला? मोजाय जायचंय. टेप धराय एक माणूस लागतं.”

मी गेले. सर थकलेले दिसले. चालताना थांबत होते, आणि थांबलं की हातोडा जमिनीला टेकून त्यावर भार देत होते. मंद्रूपकडच्या तिसऱ्या विहिरीपाशी आलो तर विहीर नव्हती. दगड-मातीनं भरून टाकली होती, वर एक टपरी उभी होती. टपरीवाल्याला सरांनी विचारलं, कधी बुजवली? तो म्हणाला, “दिवाळीच्या आदी. पडकी व्हती सर, पोरंबाळं पडायचं भ्या.”

“बरोबर हाय,” सर म्हणाले. त्यांनी वही काढली, आकड्याच्या जागी ‘बुजली’ असं लिहिलं, त्याच टपरीवर आम्ही दोघांनी चहा घेतला आणि चौथ्या विहिरीकडे निघालो.

सर गेले त्याला आता दीड वर्ष होईल. भावाच्या वस्तीवर, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मला दत्ताकडून कळलं तेव्हा तिथलं सगळं उरकलं होतं.

त्याच्या तीन-चार महिने आधी मी सांगोल्याला प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गेले होते. परीक्षा आटोपून दुपारी स्टँडवर आले, तर बाकावर सर बसलेले. बसलेले म्हणजे झोपलेले. पाठ ताठ, हात मांडीवर, मांडीवर औषधांची पिशवी, तोंड किंचित उघडं. समोर डाळिंबाचे क्रेट एका टेंपोत चढत होते, माणसं ओरडत होती. सोलापूरची गाडी लागली होती. मी त्यांना उठवलं नाही आणि गाडीतही चढले नाही. शेजारी बसले.

गाडी सुटताना हॉर्न वाजला तसे ते जागे झाले. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

“गाडी गेली का?”

“गेली सर.”

“कुटली?”

“माझी.”

“मग उटवायचं न्हाय व्हय,” ते म्हणाले. मग थोडं हसले. “येतीया दुसरी.”

मी विचारलं, सध्या काय करता? म्हणाले, भावाची शेरडं आहेत, सकाळी त्यांच्यामागं जातो. बरं वाटतं का, विचारलं तर म्हणाले, “बरं म्हंजे, शेरडं वळख करून द्या म्हणत न्हाईत.” आम्ही दोघंही हसलो. हसताना त्यांना खोकला आला, आणि तो लवकर थांबेना. मी पाणी दिलं.

मग जे इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारून टाकलं. “सर, तुम्हाला वाईट नाही वाटत? एवढं केलं, आणि कुणी...”

 मला वाटलं, ते नेहमीसारखं काहीतरी बोलून टोलवतील. सर टेंपोकडे बघत राहिले. एक क्रेट चढला, दुसरा चढला.

“वाटतं की,” ते म्हणाले.

  तसेच बसून राहिलो आम्ही, पाऊण तास असेल.

त्यांच्या वस्तीकडे जाणारी गाडी आधी आली. गर्दी धावली. सर उठले, पिशवी सावरली, माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, आणि सगळे चढल्यावर शेवटी चढले. आत एका बाईनं लेकराला मांडीवर घेऊन त्यांना खिडकीची जागा दिली. मी खाली उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. गाडी मागे आली, वळायला थांबली, आणि तेवढ्यात त्यांची मान खिडकीच्या गजाला टेकली होती. डोळे मिटलेले. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापर्यंत आला, त्यांना जागं करायला त्यानं हात पुढं केला, जरासा थांबला, मग हात मागे घेतला आणि पुढच्या बाकाकडे वळला.